दोनदा बघितलं

"मिस्टरांनी बाहेरच थांबायचं," असं म्हणून आतल्या बाईनं दार लावून घेतलं.

कस्तुरी आत गेली. तिच्याबरोबर तिची थोरली बहीण गेली. त्यांना आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. मी दारापुढच्या चपलांशेजारी बाकड्यावर बसलो. समोर भिंतीवर पाटी होती, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'. दोन वर्षांपूर्वीही मी याच बाकड्यावर बसलो होतो. तेव्हाही हीच पाटी पुन्हा पुन्हा वाचली होती.

याला आता बारा वर्षं झाली. गडहिंग्लजला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, गिरणीच्या जळलेल्या मोटारी येतात. जळकी तार काढायची, नवी भरायची, वार्निश करून द्यायची. तेव्हाही तेच करत होतो. त्या दिवशी दुकान बंद ठेवून आलो होतो, म्हणून हाताला वार्निशचा वास नव्हता. कस्तुरीनं सकाळी साबण दिला होता आणि दोनदा हात धुवायला लावले होते.

शेजारी पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता.

"कितवं?" त्यानं विचारलं.

"दुसरं," मी म्हटलं. मग म्हटलं, "म्हणजे तिसरं. मधलं एक गेलं."

"माझ्या सुनंचं पहिलंच. पोरगं पुण्याला कंपनीत. म्हणून आम्ही आलोय. आपलं काय काम हितं? चपला राखायच्या."

"बरोबर आहे."

"आत टीव्हीवर दाखवत्यात म्हणं. आमची म्हातारी बघून आली गेल्या खेपंला. म्हणाली, नुस्ता पाऊस पडल्यागत दिसतंय. डॉक्टर म्हणाला, आजी, हे बघा डोकं. ही म्हणाली, असंल बाबा."

मी हसलो. पण लक्ष दाराकडे होतं. सातवा आठवडा होता. इतक्या लवकर तेव्हा आमच्याकडे कुणी सोनोग्राफी करत नसे. तिसरा महिना सरेपर्यंत तर शेजारणीलाही कुणी सांगत नाही. पण अक्का शेजारच्या गावात सरकारी नर्स होत्या. त्या म्हणाल्या, आधी सिझर झालंय, मधलं एक गेलंय, या वेळी लवकर बघून घेऊ.

आत पाच-दहा मिनिटं लागतात हे मला माहीत होतं. वीस झाली. एकदा दार उघडलं, आतली बाई बाहेर आली, माठातून पाण्याचा तांब्या भरून घेऊन गेली. मी उठून उभा राहिलो.

"बसा की," म्हातारा म्हणाला. "बायकांची दुखणी बायकांस्नी ठाऊक."

अर्ध्या तासानं कस्तुरी बाहेर आली. हातात खाकी पाकीट होतं. ते तिनं छातीशी धरलं होतं. डोळे ओले होते, पण हसत होती.

"ठोके आहेत," ती म्हणाली. "एकशे अडतीस."

"बघितलंस?"

"बघितलं की. तुमचा टेस्टिंगचा दिवा मिणमिणतो ना, तसं लुकलुकत होतं. एवढुसं."

"मग इतका वेळ?"

"डॉक्टर सावकाश बघतात."

"मी एकदा भेटून येतो त्यांना."

"कशाला?" ती माझ्या आडवी आली. "सगळं मला सांगितलंय त्यांनी. तुमची गरज नाही म्हणाले."

मी अक्कांकडे बघितलं. त्या खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या. तो लागत नव्हता.

"अक्का, सगळं बरं आहे ना?"

"ती सांगत्येय की," अक्का म्हणाल्या. मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर कस्तुरी म्हणाली, मला रस प्यायचाय. कोपऱ्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. आम्ही बसलो. मी आणि कस्तुरी एका बाजूला, अक्का समोर. पाकीट कस्तुरीच्या मांडीवर होतं. तिनं त्यावर दोन्ही हात ठेवले होते.

"तिघांना बिनबर्फाचा," मी सांगितलं.

"मला बर्फ घालून," कस्तुरी म्हणाली. "आज चालतंय."

रस आला. तिनं अर्धा ग्लास प्यायला आणि खाली ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "मागच्या वेळी डॉक्टरांनी दोनदा बघितलं होतं ना?"

हे तिनं मला आधीही विचारलं होतं. एकदा दुकानात, एकदा अक्षताच्या शाळेतून येताना. अक्षता आमची थोरली. मला वाटायचं, गेलेल्या लेकराची आठवण निघाली की तिला असं होतं. चारचौघांच्या गुऱ्हाळात तो विषय नको होता.

"होय," मी म्हटलं. "दोनदा बघितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उरलेला रस एका दमात प्यायली.

"मग ठीक," ती म्हणाली. "चला."

अक्कांचा ग्लास तसाच भरलेला राहिला. मी तो पिऊन टाकला. वाया कशाला घालवायचा.

मधलं गेलं त्याबद्दल सांगायला पाहिजे. त्याच्या दोन वर्षं आधी, बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला आम्ही दोघंच आलो होतो. ती आत असताना डॉक्टर बाहेर आले, "मिस्टर कोण?" म्हणाले आणि मला केबिनमध्ये घेऊन गेले. आमच्याकडे रीतच आहे ती. वाईट काही असलं की ते आधी घरच्या माणसाला सांगायचं. पेशंटला नंतर, जेवढं सोसेल तेवढं. माझ्या वडिलांना कॅन्सर होता, ते त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

केबिनमधून बाहेर आलो आणि तिला सांगितलं, ठोके थांबलेत. ती म्हणाली, "परत एकदा बघायला सांगा ना." मी म्हटलं, दोनदा बघितलं. दुसऱ्या दिवशी एका बाई डॉक्टरांकडे नेऊन पिशवी साफ करून आणली. महिनाभर ती कुणाशी नीट बोलली नाही.

तिचं मन रमावं म्हणून मी तिला दुकानातलं काम दिलं. माझ्याकडे लोखंडी पेटी आहे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मोटारीची चिठ्ठी त्यात असते. मालकाचं नाव, गाव, तार किती गेजची, वेढे किती. तीच मोटर पाच वर्षांनी परत जळून आली की चिठ्ठी काढायची, पुन्हा मोजत बसायला नको. त्यामुळे मी कागद कुठलाच टाकत नाही. माझं अक्षर मला लागत नाही, तिचं छान होतं. मी म्हटलं, या सगळ्या चिठ्ठ्या वहीत उतरून काढ. ती रोज दुपारी यायची, वीस-पंचवीस चिठ्ठ्या उतरवायची, समासात तारीख घालायची. हळूहळू सावरली. गिऱ्हाइकांशी बोलायला लागली.

तर या तिसऱ्या वेळी ती फार आनंदात होती. मला तसंच वाटलं. तपासणीला अक्काच घेऊन जायच्या. मी येतो म्हटलं की म्हणायची, "तुम्ही बाकड्यावर बसून काय करणार? मोटारी पडून आहेत दुकानात." खरंच पडून असायच्या. ते उन्हाळ्याचे दिवस होते, शेतकरी दारात बसून राहायचे.

एक वेड तिला तेव्हा लागलं होतं. दुकानात येईल त्याला रक्तगट विचारायची.

"मामा, तुमचा ग्रुप कुठला?"

"कसला ग्रुप? आमचा एकच ग्रुप, विकास सोसायटीचा."

"रक्ताचा हो."

"लालच असंल की."

हसायची आणि त्यांना सरकारी दवाखान्यात तपासून यायला लावायची. वहीच्या मागच्या पानावर नावं लिहायची. तिचा स्वतःचा बी निगेटिव्ह होता. मी विचारलं तर म्हणाली, "बचत गटात सांगितलंय, यादी करा म्हणून." मी विश्वास ठेवला. न ठेवायला काय कारण होतं?

सहाव्या महिन्यात दोनदा अंगावर लाल गेलं. ते मला तिनं सांगितलं नाही. मला फक्त एवढं दिसलं की ती साड्या स्वतः धुते, धुणंवालीला देत नाही. अक्षता तेव्हा पाच वर्षांची. तिला ती वेणी घालायला शिकवत होती. एवढीशी पोर, हात मागं पोचायचे नाहीत.

"आत्तापासून कशाला?" मी म्हटलं.

"शिकू दे. बाळ आल्यावर मला कुठला वेळ?"

आठवा महिना लागला आणि अक्का घरी आल्या. म्हणाल्या, "पाहुणं, बाळंतपण कोल्हापूरला करायचं. वार खाली आहे. सिझर लागणार. तारीख घेतल्येय."

"गडहिंग्लजला का नको?"

"तिथं रक्ताची सोय बरी आहे."

"रक्त कशाला लागतंय?"

"लागलं तर," अक्का म्हणाल्या. कस्तुरी आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला होता.

तारखेच्या दिवशी सकाळी सातला तिला आत नेलं. तिनं माझा हात धरला नाही की काही नाही, नर्सनं गाडी ढकलली तेव्हा फक्त म्हणाली, "अक्षताला दूध देताना साय काढा, तिला ओकारी येते." ते मला माहीत होतं.

मी बाहेर आलो तर व्हरांड्यात सात माणसं बसली होती. माझीच गिऱ्हाइकं. हलकर्णीचे एक, नूलचे दोन, बाकीचे असेच आजूबाजूच्या गावांतले. पहाटेच्या गाडीनं आले होते.

"तुम्ही हितं?" मी विचारलं.

"वहिनींनी सांगितलं होतं की," एक जण म्हणाला. "महिना झाला. या तारखेला मोकळं राहा म्हणाल्या होत्या. बी निगेटिव्ह."

त्यांना महिनाभर आधी तारीख माहीत होती. मला चार दिवस आधी कळली होती.

साडेआठला बाळ बाहेर दिलं. मुलगी. दोन किलोला जरा कमी. रडत होती. अक्कांनी घेतली. मी विचारलं, कस्तुरी? नर्स म्हणाली, चाललंय अजून. मग एकेक माणूस रक्त द्यायला आत जायला लागला. नर्स धावत यायची, रक्ताची पिशवी घेऊन जायची. मी मोजत होतो. सातांच्या सात झाल्या, वर रक्तपेढीतल्या चार. अकरा. अकरानंतर कुणी धावत आलं नाही.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, अंगावरचा हिरवा झगा कोपरापर्यंत भिजला होता. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आम्ही गर्भपिशवी काढली. तरी रक्त थांबलं नाही," ते म्हणाले. "वार जुन्या टाक्यातून आरपार गेली होती, लघवीच्या पिशवीपर्यंत. सॉरी."

"असं एकदम कसं झालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एकदम नाही. सातव्या आठवड्यातच दिसलं होतं. तुम्हा दोघांना तेव्हाच सगळं समजावून सांगितलंय म्हणून लिहिलंय. तरी तुम्ही पुढं जायचं ठरवलंत."

"आम्ही?"

"पेशंट म्हणाल्या, मिस्टरांना सगळं माहीत आहे."

मी अक्कांकडे वळलो. त्या व्हरांड्याच्या टोकाला बाळाला घेऊन उभ्या होत्या. मी एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी पदर तोंडात धरला.

गावी आणून तिला माती दिली. सगळे विधी झाले. माणसं आली, गेली. अक्का बाळाला घेऊन त्यांच्या घरी गेल्या, कारण माझ्या घरात बाई माणूस नव्हतं. मी अडवलं नाही. त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. अक्षताला घेऊन दर रविवारी जायचो, ती बाळाशी खेळायची, मी बाहेर पायरीवर बसायचो. अक्का पाणी आणून ठेवायच्या. मी प्यायचो नाही.

मला काय वाटत होतं ते सांगतो. जिच्याबरोबर मी नऊ वर्षं संसार केला तिनं मला मरणाची बातमी सहा महिने आधी कळली असून सांगितली नाही. माझ्या पुढ्यात बसून जेवली. यादी केली, माणसं जमवली, पोरीला वेणी शिकवली. म्हणजे मरायची तयारी केली, आणि ती करताना मला मोटारी भरायला पाठवलं. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर त्याच दिवशी मी तिला कोल्हापूरला नेऊन मोकळी केली असती. आज ती जिवंत असती. दुसऱ्या कुणी माझं एवढं वाईट केलं नाही.

दीड महिन्यानं एक गिरणीवाला आला. त्याची दहा हॉर्सपॉवरची जुनी मोटर जळाली होती. मी ती सात-आठ वर्षांपूर्वी भरली होती. वहीत शोधली, सापडली नाही. तेव्हा लक्षात आलं की कस्तुरीनं सगळ्या चिठ्ठ्या उतरवल्याच नव्हत्या. एका पानाच्या मध्यावर काम थांबलं होतं. खाली कोरं. समासात तारीख होती, पिशवी साफ करून आणली त्यानंतर दोन महिन्यांची. मला वाटलं होतं कंटाळली असेल.

मी पेटी उघडली. जिथवर तिनं उतरवल्या होत्या तिथवर चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधून ठेवल्या होत्या. त्याच्या खाली गिरणीवाल्याची चिठ्ठी. आणि तिच्याखाली खाकी पाकीट. ते मीच तिथं ठेवलं होतं. मागच्या वेळचा रिपोर्ट. घरात ठेवायचा नव्हता आणि कागद टाकायची मला सवय नाही.

पण पाकिटं दोन होती. माझ्या पाकिटाच्या मागे दुसरं, तसंच, नव्या तारखेचं. दोन्हींना एकच रबर लावलं होतं. आम्ही एकाच मोटारीच्या दोन चिठ्ठ्यांना लावतो तसं.

गिरणीवाल्याला मी उद्या ये म्हटलं आणि अक्कांच्या गावची गाडी धरली.

अक्का बाळाची दुपटी वाळत घालत होत्या. मी पाकिटं त्यांच्यापुढं धरली. त्या बघूनच खाली बसल्या.

"मला इंग्रजी येत नाही," मी म्हटलं. "वाचून दाखवा."

"पाठ आहेत मला."

"मला नाहीत. वाचा."

त्यांनी नवं पाकीट उघडलं. "गर्भ सात आठवड्यांचा. ठोके एकशे अडतीस. गर्भ पिशवीत वर नाही, जुन्या सिझरच्या टाक्यात रुजलाय. वाढू दिला तर पिशवी फाटण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात दाखवावं." त्यांनी कागद खाली ठेवला. "म्हणजे काढून टाकावं. तसं स्पष्ट सांगितलं त्यांनी तिला. 'मिस्टरांना बोलावू का' म्हणाले. ती म्हणाली, 'माझं मला सांगा.' मग पाणी मागितलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात. नर्स असून."

"मी थोरली असून तिच्या पाया पडले, पाहुणं. त्या खोलीत. ती म्हणाली, जगतात ना काही बायका? डॉक्टर म्हणाले, जगतात. तेवढंच धरून बसली."

"मला सांगायचं."

"तिनं अक्षताची शपथ घातली होती."

"माझ्या बायकोचा जीव जात होता आणि तुम्ही शपथ पाळलीत!"

"पाळली," अक्का म्हणाल्या. "आता दुसरं वाचू?"

"नको."

"वाचा म्हणालासा ना. ऐका." त्यांनी जुनं पाकीट उघडलं. "गर्भ बारा आठवड्यांचा. डोक्याची कवटी तयार झालेली नाही. ठोके." त्यांनी कागद उलटा करून माझ्यासमोर धरला. "हा आकडा वाचायला इंग्रजी लागत नाही."

एकशे बासष्ट. त्याच्याभोवती निळ्या पेनानं गोल केला होता. माझ्या दुकानातलं पेन. नव्या रिपोर्टवरही एकशे अडतीसला तसाच गोल होता. बाकी कशालाच नव्हता.

त्या दिवशी केबिनमध्ये डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की मूल जन्मलं तरी तासभरही जगणार नाही. ठोके थांबलेत असं ते म्हणाले नव्हते. ते मी म्हटलं. केबिनपासून बाकड्यापर्यंत येताना ठरवलं. जे जगणारच नाही ते काढायचं की ठेवायचं, हे तिला का ठरवायला लावायचं? तिला सोसलं नसतं, असं मला वाटलं. बाई डॉक्टरांनी विचारलं, "तिला सगळं सांगितलंत ना?" मी होय म्हटलं. त्यांनी इंग्रजी कागद पुढं केला. कस्तुरीनं सही केली. मी बोटानं जागा दाखवली होती.

"मी तिच्यासाठीच केलं," मी म्हटलं.

"ती कुठं नाही म्हणत होती?" अक्का म्हणाल्या. "पाकीट सापडलं तशी माझ्याकडे आली. मी सगळं समजावलं. असलं लेकरू जगत नाही म्हणून सांगितलं. तिला पटलं. म्हणाली, अक्का, मीसुद्धा तेच केलं असतं. पण ते जिवंत आहे हे मला ठाऊक असतं, तर जाताना त्याला नीट निरोप दिला असता. मी मेलेलं म्हणून दिलं त्याला."

आत बाळ कुरकुरलं. अक्का उठल्या नाहीत.

"मग मला विचारायचं होतं तिनं. भांडायचं होतं. दोन वर्षं गप्प राहिली."

"विचारलं की."

"कधी?"

"तीनदा विचारलं. दोनदा तुम्ही तेच सांगितलं. मग या वेळी सोनोग्राफी झाल्यावर, आतच, ती मला म्हणाली, अक्का, आता शेवटचं एकदा विचारते. खरं बोलले तर हे पाकीट त्यांच्या हातात देते. मग ते म्हणतील तसं. काढ म्हणाले तर काढते."

मला तो ग्लास आठवला. तिच्या मांडीवरचे दोन हात आठवले.

"मी समोरच बसले होते, पाहुणं," अक्का म्हणाल्या. "मी मनात म्हणत होते, बोला, बोला. तुम्ही रस पीत होता."

बाळ मोठ्यानं रडायला लागलं. अक्का उठून आत गेल्या. मी दोन्ही पाकिटांना परत रबर लावलं आणि गाडीला आलो.

गिरणीवाल्याची मोटर भरून दिली. पाकिटं अजून पेटीत तिथंच आहेत. ईश्वरी, म्हणजे ते बाळ, पुढं मी घरी आणलं. आता सहावीत आहे, आणि अक्षता तिला वेणी घालते. दोघींना एवढंच माहीत आहे की आई बाळंतपणात गेली. सांगायला पाहिजे, हे मला कळतं. अजून सांगितलेलं नाही.

अक्कांवर माझा राग उरला नाही. कस्तुरीवर आहे. एवढी वर्षं झाली तरी आहे. मी घाबरट माणूस आहे हे तिला नऊ वर्षांत कळलं होतं. तिनं चौथ्यांदा विचारायला पाहिजे होतं.